वसंतातली बागेची कामं: सारखे विचारले जाणारे प्रश्न

थंडी सरली की बागेवाल्यांचे हात शिवशिवायला लागतात आणि मग दरवर्षी तेच तेच प्रश्न येतात, म्हणून सगळे एका जागी लिहून काढले. कुंड्या असोत, गच्ची असो किंवा घरामागचा तुकडा असो, बहुतेक उत्तरं सगळ्यांना लागू पडतात. जिथे कडाक्याची थंडी पडते आणि जिथे पडत नाही यात फरक असेल तिथे तो वेगळा सांगितलाय.

नेमकी सुरुवात कधी करायची? एक तारीख सांगा ना.

तारीख सांगता येत नाही, खरंच. उत्तर गोलार्धात २०-२१ मार्चच्या आसपास दिवसरात्र सारखी होते, दक्षिण गोलार्धात तेच २२-२३ सप्टेंबरला, पण तुमच्या वाफ्यातल्या मातीला ही तारीख माहीत नसते. एकाच गावात दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत आणि मागची सावलीतली बाजू यांच्यात सहज दोन आठवड्यांचा फरक पडतो.

त्यापेक्षा झाडांकडे बघा. फांदीवरचे डोळे (जिथून नवा कोंब फुटतो ते ठिपके) फुगायला लागले, तण हिरवं दिसायला लागलं, कुंडी पूर्वीपेक्षा लवकर सुकायला लागली, म्हणजे मुळं जागी झाली. जमलं तर मातीत खुपसायचा साधा थर्मामीटर घ्या, सकाळी ८-१० सेंटीमीटर खोल घालून सलग चारपाच दिवस आकडा बघा. हवेतली एक दुपार गरम झाली म्हणून माती गरम होत नाही, ती कायम मागून येते, आणि बी रुजतं ते मातीत.

सगळी कामं एकदम अंगावर येतात, आधी काय घेऊ?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण वसंतात नुकसान आळसाने कमी आणि घाईने जास्त होतं. एकाच रविवारी झाड छाटलं, कुंडी बदलली, खत घातलं आणि उन्हात नेऊन ठेवलं, की मग ते झाड मान टाकतं आणि आपण विचारतो काय चुकलं. यातलं प्रत्येक काम बरोबर असतं, पण चारही एकदम झेपत नाहीत.

माझा क्रम असा: आधी नुसतं बघणं आणि हत्यारं नीट करणं, मग मेलेल्या फांद्या काढणं, मग छाटणी, मग माती आणि कुंड्या, मग बी, आणि मुळं धरलीत असं दिसलं की खत. मधे दहाबारा दिवस जाऊ दिले तरी काही बिघडत नाही. आणि एकाच झाडाची छाटणी आणि कुंडी दोन्ही करायचं असेल तर त्यात थोडं अंतर ठेवा, झाड नाजूक असेल तर नक्कीच.

माती खणायला तयार आहे हे कसं कळणार?

वाफसा आला की. जुनी माणसं मातीवर हात फिरवून सांगायची, पण न येणाऱ्यासाठी सोपी पद्धत आहे. बोटभर खालची माती मुठीत घ्या आणि घट्ट दाबा. मूठ उघडल्यावर गोळा चकाकत असेल, बोटांचे ठसे स्पष्ट उमटले असतील आणि अंगठ्याने ढोसलं तरी तो नुसता चेपत असेल तर माती ओली आहे, खुरपं परत ठेवून द्या. गोळा झाला पण अंगठा लावताच त्याचे भुगे पडले तर हाच वाफसा. गोळा मुळी होतच नसेल तर कोरडी आहे, आदल्या दिवशी पाणी द्या.

ओल्या चिकणमातीत खणलं किंवा नुसतं चालत गेलं तरी तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या दबतात, मग ती सुकली की विटेसारखी होते आणि पूर्ण सीझन मुळं तिच्यात शिरायला धडपडत राहतात. चार दिवस थांबणं परवडतं.

वाफा दरवर्षी खणायलाच हवा का?

नाही. माती दगडासारखी झाली असेल, किंवा पहिल्यांदाच वाफा करताय तर खणा. एरवी वरून ३ ते ५ सेंटीमीटर कुजलेलं कंपोस्ट पसरा आणि सोडून द्या, गांडुळं ते खाली नेतात. खणल्याने अजून एक होतं, खोल गाडलं गेलेलं तणाचं बी वर येतं, आणि पुष्कळ तणांच्या बियांना रुजायला क्षणभराचा उजेडही पुरतो. म्हणजे जितकं उकराल तितकं निंदायचं काम वाढवून घ्याल.

सुकलेल्या काड्या, पालापाचोळा लगेच साफ करू का? फार घाण दिसतं.

दिसतं खरं, पण थोडं थांबा. पोकळ काड्यांमधे एकट्या राहणाऱ्या मधमाश्या असतात, पाल्याखाली लेडीबग थंडी काढत असतात. दिवसाचं तापमान सलग १० अंशांच्या वर जायला लागलं की ते बाहेर पडतात, मग साफ करा. काड्या अगदी मुळाशी कापण्यापेक्षा वीतभर-दीड वीत ठेवल्या तर पुढच्या माश्यांना घर मिळतं, आणि नवीन पानं आली की ते ठुणके दिसतही नाहीत.

एक अपवाद, तो मात्र पाळा. मागच्या सीझनला ज्या झाडावर काळे ठिपके, भुरी, करपा असं काही होतं त्याची गळलेली पानं लगेच उचला आणि कंपोस्टमधे टाकू नका. घरच्या ढिगाचं तापमान सहसा ५५-६० अंशांपर्यंत पोचत नाही त्यामुळे रोगाचे बीजाणू त्यात मरतीलच असं नाही.

कुठलं झाड छाटायचं आणि कुठलं नाही? दरवेळी गोंधळ होतो.

एकच गोष्ट लक्षात ठेवली की गोंधळ संपतो: फूल जुन्या फांदीवर येतं की नव्या?

जी झाडं वसंताच्या सुरुवातीलाच फुलतात त्यांच्या कळ्या मागच्या वर्षीच तयार झालेल्या असतात. अझेलिया, कॅमेलिया, लायलॅक, मोठ्या गोल गुच्छांचा हायड्रेंजिया, ही सगळी त्यातली. यांना आत्ता कात्री लावली तर तुम्ही झाड छाटत नाही, यंदाची फुलं कापून टाकताय. यांची छाटणी फुलं संपल्यावर लगेच करायची. हायड्रेंजियाचे मात्र फक्त सुकलेले गुच्छ वसंतात काढता येतात, खालच्या पहिल्या टपोऱ्या डोळ्यांच्या जोडीपर्यंत, त्याच्याखाली नाही.

उन्हाळ्यात किंवा नंतर फुलणारी झाडं नव्या फुटव्यावर फुलतात. जास्वंद, मोगरा, बोगनवेल, बहुतेक गुलाब, शंकूसारख्या गुच्छांचा हायड्रेंजिया. यांना थंडी संपता संपता, नवीन फुटवा जोर धरायच्या आधी छाटायचं. मोगऱ्याची छाटणी लोक घाबरत घाबरत करतात आणि नुसते शेंडे टोचतात, पण त्याला जितके नवे फुटवे तितक्या कळ्या, त्यामुळे एक तृतीयांश तरी उतरवा, राहिलेली जुनी पानं काढा आणि ऊन भरपूर मिळेल असं ठेवा.

चेरी, प्लम या जातीच्या झाडांना ओल्या गार हवेत कापू नका, जखमेतून बुरशी आत शिरते, त्यांची छाटणी उन्हाळ्यात करतात. आणि द्राक्षवेल उशिरा कापली तर टपटप पाणी गळतं, बघून जीव कासावीस होतो पण वेल त्याने मरत नाही.

नाव माहीत नसेल, कधी फुलतं माहीत नसेल तर एक वर्ष नुसतं बघा. मेलेल्या, रोगट आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या मात्र कुठल्याही झाडाच्या काढता येतात, त्याला माहिती लागत नाही.

गुलाब नक्की कुठे कापायचा?

फांदीकडे जवळून बघा, पान जिथे लागलेलं होतं तिथे अर्धचंद्रासारखी खूण आणि तिच्यावर लालसर टपोरा ठिपका दिसेल, तो डोळा. झाडाच्या बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा निवडा आणि त्याच्या साधारण ५ मिलीमीटर वर कापा, उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूला. फार वर कापलं तर वरचा तुकडा सुकून काळा पडतो आणि ते काळेपण खाली उतरतं, फार जवळ कापलं तर डोळाच सुकतो. कापलेल्या जागी आतला गर पांढरट-हिरवा दिसला पाहिजे, तपकिरी दिसला तर अजून खाली जा, पांढरट गर दिसेपर्यंत.

जखमेवर काही लावायची गरज नसते, धारदार कटरने स्वच्छ कापलेली फांदी स्वतःच भरून काढते.

आणि कलमाच्या गाठीच्या, म्हणजे जंगली खोडावर गुलाब जिथे जोडलेला असतो त्या जागेच्या, खालून फुटवा येतोय का ते बघा. पानं वेगळी दिसतात, काटे वेगळे असतात, वाढ तर एकदम जोरात असते म्हणून लोक खूश होतात, पण ते खालचं जंगली खोड आहे आणि काही वर्षांत वरचा गुलाब गिळून टाकतं. कापू नका, माती बाजूला करून जिथून निघालंय तिथून हिसका देऊन तोडा. कापलं की तिथूनच चार निघतात.

थंडीने झाड काळं पडलंय. मेलं का?

नखाने साल हलकेच खरवडा. आत हिरवं आणि ओलसर असेल तर फांदी जिवंत, तपकिरी कोरडी असेल तर मेलेली. शेंड्यापासून सुरू करून खाली खाली या, पुष्कळदा वरचं सगळं गेलेलं असतं आणि बुंध्याजवळ जीव असतो. हिम पडणाऱ्या भागात असाल तर शेवटची थंडी जाईपर्यंत काळ्या फांद्या काढू नका, त्या खालच्या डोळ्यांना आडोसा देतात आणि लवकर छाटून आलेला कोवळा फुटवा पुढच्या हिमाच्या रात्री जळतो. उन्हाळा लागला तरी कुठेच काही फुटलं नाही तर मग उपटा.

नवीन पालवी येतेय पण जुनी पानं पिवळी होऊन गळतायत, रोग आहे का?

बहुतेक नाही. सदाहरित झाडं पानं टाकतातच, फक्त सगळी एकदम नाही, आणि बऱ्याच जाती नवी पालवी येताना जुनी सोडतात. आतली, खालची पानं पिवळी होऊन शेंडे ताजे असतील तर निवांत रहा. नवीनच पानं पिवळी पडत असतील तर मात्र बघा, आणि खत घालायच्या आधी मुळाशी पाणी साठतंय का ते तपासा.

कुंडी बदलायची वेळ झाली हे कशावरून ओळखू?

घातलेलं पाणी सरळ खालून निघून जातं, भोकातून मुळं डोकावतायत, झाड वर जड झालंय आणि कुंडी पडते, पाणी देऊन दुसऱ्या दिवशी परत सुकतं. यातल्या दोन गोष्टी दिसल्या की बदला. आदल्या दिवशी पाणी द्या म्हणजे गोळा सहज निघतो. बाहेर काढल्यावर मुळं कुंडीच्या आकारात गोल गोल गुंडाळलेली दिसली तर बोटांनी सोडवा, अगदी घट्ट जाळं असेल तर बाजूने दोनतीन उभ्या चिरा द्या, नाहीतर नव्या मातीतही ती त्याच गोलात फिरत बसतात.

नवी कुंडी फक्त एक नंबर मोठी, म्हणजे व्यासाला ३ ते ५ सेंटीमीटर जास्त. एकदम मोठ्ठी देऊ नका, ज्या मातीत मुळं नाहीत ती माती ओलीच राहते आणि मुळं कुजायला सुरुवात तिथूनच होते.

तळाला खडे, विटांचे तुकडे घालायचे का असं हमखास विचारतात. नका घालू. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खड्यांमधे सहजासहजी उतरत नाही, ते मातीच्या तळाशीच अडून राहतं, म्हणजे ओला थर उलट मुळांच्या जवळ येतो आणि मातीची जागा कमी होते ती वेगळीच. भोकावर जाळीचा तुकडा पुरे.

बदलल्यावर आठवडाभर सावलीत ठेवा आणि महिनाभर तरी रासायनिक खत देऊ नका. ज्या झाडाला आत्ता कळ्या आहेत त्याला हात लावू नका, फुलं होऊ द्या. आणि कुंडी मोठी करायला जागाच नसेल तर वरची ४-५ सेंटीमीटर माती खरवडून त्या जागी ताजं कंपोस्ट भरा, पुष्कळ झाडं एवढ्यावर वर्ष काढतात.

कुंडीतली जुनी माती फेकून देऊ?

अजिबात नको. मुळं, हुमणीच्या अळ्या काढा, पसरून उन्हात चांगली वाळवा, मग एक तृतीयांश कंपोस्ट किंवा गांडूळखत मिसळा, दाबून बसली असेल तर थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे). कोकोपीटमधे स्वतःचं पोषण जवळपास नसतं हे लक्षात ठेवा, ते फक्त ओल धरतं, आणि वापरायच्या आधी दोनतीनदा पाण्याने धुऊन घ्या कारण त्यात मीठ असू शकतं. ज्या कुंडीतलं झाड मुळं सडून किंवा मर रोगाने गेलं तिची माती मात्र दुसऱ्या भाजीला वापरू नका. आणि टोमॅटो, मिरची, वांगं, बटाटा ही सगळी एकाच कुळातली, यांच्यानंतर त्याच मातीत यांच्यातलंच दुसरं लावलं की पीक बदललं असं होत नाही. वाफ्यात शक्य असेल तर तीनचार वर्षांचं अंतर ठेवा.

खत कधी आणि किती?

नवा फुटवा बोटभर झाला की, त्याआधी नाही. झाड झोपलेलं असताना घातलेलं खत मुळं घेत नाहीत, ते पाण्याबरोबर वाहून जातं. कंपोस्ट, कुजलेलं शेणखत हे कधीही चालतं कारण ते हळूहळू सुटतं, पण शेणखत पूर्ण कुजलेलं पाहिजे, हातात घेतल्यावर वास मातीचा आला पाहिजे, शेणाचा नाही.

नायट्रोजनच्या मागे लागू नका. झाड चार दिवसांत हिरवंगार होतं म्हणून छान वाटतं, पण ती मऊ लुसलुशीत वाढ माव्याला (कोवळ्या शेंड्यांचा रस शोषणारे बारीक किडे) आमंत्रण असते आणि फुलं मागे पडतात. कुंडीत द्रवखत देत असाल तर पाकिटावर लिहिलेल्याच्या निम्मं करून दुप्पट वेळा द्या, आणि कोरड्या मातीत कधीच नको, आधी साधं पाणी.

अंड्याची टरफलं, कॉफीचा चोथा, एप्सम सॉल्ट हे घालायचं ना?

टरफलं घाला पण त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका, मोठे तुकडे मातीत वर्षानुवर्षं तसेच राहतात. टोमॅटोचं बूड काळं पडतं तेव्हा लोक टरफलं घालतात, पण बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतंच, पाणी अनियमित पडतं म्हणून ते फळापर्यंत पोचत नाही. पाणी सुधारा. कॉफीचा चोथा कंपोस्टमधे टाका, कुंडीवर जाड थर देऊ नका, तो पापडासारखा कडक होतो आणि पाणी आत जात नाही. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम, कमी असेल तरच उपयोग, उगाच घालू नका.

कुठलं बी कधी पेरू?

मातीच्या तापमानावर जा. ५ ते ८ अंशांना वाटाणा, पालक, लेट्यूस, मुळा सुरू होतात, हळू पण होतात. १५-१६ च्या वर घेवडा-बीन्स आणि टोमॅटो. काकडी, भोपळा, भेंडी यांना १८-२० पाहिजे. मिरची आणि वांगं तर त्याहून उबदार, २५ च्या आसपास असेल तर खूश.

हे आकडे किती फरक पाडतात बघा, टोमॅटोचं बी २५ अंशांना साधारण ६ दिवसांत वर येतं, १५ ला दोन आठवडे आणि १० अंशांना चाळीस दिवसांच्या वर लागतात, तेवढ्यात निम्मं सडून जातं. म्हणून लवकर पेरलेलं लवकर येतं असं काही नाही, उशिरा पण उबदार मातीत पेरलेलं त्याला गाठतं.

जिथे थंडी नावालाच असते तिथे प्रश्न उलटा आहे, तिथे वसंत म्हणजे उन्हाळ्याच्या आधीची छोटी फट. पालक आणि लेट्यूसचं बी ३० अंशांच्या वर रुजायला नकार देतं, त्यामुळे पालेभाजी आधी उरकून घ्या आणि भेंडी, काकडी, मिरचीकडे वळा.

खोली बियाच्या जाडीच्या दोन-तीन पट, त्यापेक्षा जास्त नाही. लेट्यूसच्या बियांना उजेड लागतो, ते मातीवर नुसतं दाबून ठेवा.

मागच्या वर्षीचं बी चालेल?

कांद्याचं एक वर्ष, गाजर-घेवडा तीनएक, टोमॅटो चार, काकडी पाचपर्यंत, कोरडं आणि गार ठेवलं असेल तर. शंका असेल तर १० बिया ओल्या टिश्यूपेपरमधे गुंडाळून पिशवीत घालून उबदार जागी ठेवा. सात आल्या तर थोडं दाट पेरा, तीन आल्या तर नवीन आणा. हायब्रिड एफ-१ (दोन जातींच्या पहिल्या संकराच्या) फळातलं बी काढून ठेवलं असेल तर ते रुजेल, पण झाड तसंच होईल याची खात्री नाही.

रोपं लांबलचक बारीक होतात आणि एक दिवस सगळी आडवी पडतात.

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लांबट होतात ती उजेड कमी पडल्यामुळे, खिडकीतला उजेड आपल्याला भरपूर वाटतो पण रोपाला पुरत नाही. ट्रे बाहेर उजेडात आणा किंवा लाइट लावत असाल तर १४-१६ तास आणि अगदी जवळ. टोमॅटोचं रोप लांबलं असेल तर चिंता नाही, पुनर्लागवड करताना खोड खोल गाडा, त्याला तिथे मुळं फुटतात. काकडी-भोपळ्याला हे करू नका.

आडवी पडतात ती बुरशीने. मातीलगत खोड दोऱ्यासारखं बारीक आणि पाणचट झालेलं दिसेल. पडलेली वाचत नाहीत, आजूबाजूची वाचवा, पाणी वरून घालणं बंद करा आणि ट्रेमधे खालून द्या, वारा खेळू द्या, विरळणी करा, म्हणजे दाट आलेल्यातली काही काढून टाका. विरळणी करताना उपटू नका, कात्रीने कापा, नाहीतर शेजारच्याची मुळं दुखावतात. आणि पुढच्या वेळी धुतलेला ट्रे, ताजं मिश्रण.

रोपं थेट बाहेर लावली की पांढरी पडतात.

उन्हाने भाजली. आत वाढलेल्या रोपाला बाहेरची सवय लावावी लागते, ७ ते १० दिवस. पहिल्या दिवशी सावलीत तासभर, मग वेळ वाढवत, मग सकाळचं कोवळं ऊन, शेवटी पूर्ण दिवस आणि रात्र. नर्सरीतून शेडनेटखालून आणलेल्या रोपालाही हेच लागू. टोमॅटोला रात्री १० अंशांच्या खाली जात नसतील तेव्हाच बाहेर, मिरचीला अजून थोडं उशिरा. लावायचं ते संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी.

कोवळ्या शेंड्यांवर मावा आलाय, काय मारू?

आधी काहीच मारू नका, जवळून बघा. मावा वसंतात इतका भसाभस वाढतो त्याचं कारण माद्यांना नर लागतच नाही, त्या थेट पिल्लं देतात आणि ती पिल्लं उबदार हवेत आठवडा-दहा दिवसांत स्वतः पिल्लं द्यायला लागतात. म्हणून पहिले चार दिसले तेव्हाच बोटाने पुसून टाका किंवा पाण्याचा जोरात फवारा मारा, खाली पडलेले सहसा परत चढत नाहीत.

शेंड्याजवळ काळपट, खरबरीत, केशरी ठिपक्यांची, छोट्या मगरीसारखी दिसणारी अळी फिरताना दिसली तर तिला हात लावू नका! ती लेडीबगची अळी आहे, मोठी होईपर्यंत शेकडो मावा खाते, आणि लोक तिलाच कीड समजून आधी मारतात याचं मला फार वाईट वाटतं. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर मुंग्या थांबवा, त्या माव्याचा गोड चिकटा खातात आणि त्याबदल्यात त्याची राखण करतात.

तरीही वाढलाच तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा सौम्य लिक्विड सोप, कपड्यांची पावडर नव्हे. आधी दोनतीन पानांवर मारून एक दिवस बघा. संध्याकाळी मारा, पानांच्या खालून मारा, उघड्या फुलांवर नको, मधमाश्या असतात.

ऊन वाढलं, हवा कोरडी झाली की लाल कोळी नावाची बारीक कीड येते, पानावर बारीक फिकट ठिपके आणि खाली जाळं. तिला दमटपणा आवडत नाही, पानांची खालची बाजू पाण्याने धूत रहा.

पाणी रोज सुरू करू का?

दिवस ठरवू नका. बोट दोन पेरं आत घाला, कोरडं लागलं तर द्या, आणि दिलं की खालून निघेपर्यंत द्या. रोज थोडं थोडं शिंपडलं तर मुळं वरच राहतात आणि खरा उन्हाळा आला की तीच आधी होरपळतात, म्हणजे वसंतात दिलेलं खोल पाणी पुढे कामाला येतं. सकाळची वेळ चांगली. ड्रिप असेल तर सुरू करायच्या आधी फिल्टर धुवा, पाइपांच्या शेवटच्या टोप्या काढून पाणी जोरात सोडा, आत साठलेला गाळ निघून जातो. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसत असेल तर तो क्षारांचा, एकदा भरपूर पाणी सोडून धुऊन काढा.

आच्छादन कधी घालू?

माती गरम झाल्यावर, आणि ओली असताना. थंड मातीवर घातलं तर ती थंडच राहते. ५ ते ७ सेंटीमीटर जाड, खोडापासून चार बोटं लांब, खोडाला टेकवलं तर साल कुजते. सुकी पानं, गवत, लाकडाचा चुरा, जे असेल ते.

तण आवरतच नाही.

लहान असताना, कोरड्या दिवशी, खुरप्याने वरच्यावर कापा आणि उन्हात पडू द्या. बी धरायच्या आधी, एवढंच सांभाळा. मोठी मुळं असलेलं तण असेल तर पाऊस पडून गेल्यावर ओढा, अख्खं निघतं.

लॉनला काय करायचं?

वाढ सुरू झाल्यावर पहिली कापणी उंच ठेवून. एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त कापायचं नाही, हा नियम वर्षभराचा. टक्कल पडलेल्या जागी रेकने माती मोकळी करून बी टाका आणि ते येईपर्यंत वरची माती सुकू देऊ नका.

ट्यूलिप-डॅफोडिल फुलून गेले, पानं लोळतायत, कापून टाकू?

सुकलेलं फूल काढा, पानं निदान सहा आठवडे राहू द्या, गाठ मारू नका, वेणीही घालू नका. पुढच्या वर्षीचं फूल हीच पानं कंदात भरत असतात.

शेवंतीचं मधलं सगळं सुकून गेलंय.

तिचं असंच होतं, मधलं म्हातारं होतं आणि कडेने नवे कोंब येतात. वसंतात पूर्ण गड्डा उपटा, मधला भाग टाका, कडेचे मुळांसकट कोंब वेगवेगळे लावा. ते वीतभर झाले की शेंडे खुडा, फांद्या वाढतात, झाड गोल होतं. शरदात फुलणारी बहुवर्षायू झाडं अशी वसंतात वेगळी करायची, वसंतात फुलणारी शरदात.

हत्यारांना काय करायचं असतं?

कटर उघडून जुना चीक काढा, तारेच्या घासणीने गंज काढा, एकाच बाजूला असलेली धार त्याच कोनात दगडावर काढा, तेलाचा थेंब. लाकडी दांड्यांना जवसाचं तेल चोळा. रोगट झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं ७० टक्के अल्कोहोलने पुसा, दोन सेकंदांचं काम आहे आणि रोग हाताने पसरवणं थांबतं.

भोपळ्याला, काकडीला फुलं आली पण फळ धरत नाही.

हा वसंत संपता संपता येणारा प्रश्न. सुरुवातीला फक्त नर फुलं येतात, ती गळणारच. मादी फूल ओळखायला सोपं, पाकळ्यांच्या मागे इवलंसं फळ असतं. ते इवलं फळ पिवळं पडून गळत असेल तर परागण होत नाहीये. सकाळी लवकर, फूल पूर्ण उघडलेलं असताना, नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा आणि मधला दांडा मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवा, सगळ्या बाजूंना लागला पाहिजे. लाल भोपळ्याचं फूल दुपारपर्यंत मिटतं त्यामुळे हे काम दुपारवर ढकलता येत नाही. दोनतीन दिवसांत देठाजवळचं फळ फुगलेलं दिसलं की जमलं.